पन्नाशीची वरमाई, पंचविशीतली पावडर: वय वाढतं तसा मेकअप कसा बदलावा

लग्नसराईत पार्लरमध्ये एक गोष्ट हमखास दिसते. नवरीच्या चेहऱ्यावर आम्ही तीन-तीन तास काम करतो. वरमाई मात्र देवक, पाहुण्यांचा नाश्ता, भटजींची दक्षिणा, हरवलेली कपाटाची किल्ली असं सगळं निस्तरून मुहूर्ताच्या पाऊण तास आधी खुर्चीत टेकते आणि म्हणते, "मला काही नको गं, नुसती पावडर फिरव." त्या वयाच्या चेहऱ्याला सगळ्यात कमी मानवणारी वस्तू म्हणजे पावडर, आणि ती नेमकी तेवढीच मागते. तिला तसंच शिकवलेलं असतं. मुंबईत 'अफगाण स्नो' १९१९ साली निघाला, तेव्हापासून आपल्याकडे नटणं म्हणजे 'स्नो-पावडर' असा जोडशब्दच झाला. आजीकडून आईला, आईकडून मुलीला तो हात वारशाने आला.

मी सव्वीस वर्षं पार्लर चालवते. या काळात बायकांनी कंपन्या बदलल्या, साड्यांबरोबर लिपस्टिकच्या छटा बदलल्या, पण विशीत लागलेली हाताची सवय काही सुटली नाही. तेच काजळ, तीच जागा, तितकीच पावडर. चेहरा दर दहा वर्षांनी वेगळा होतो आणि हात जुनाच राहतो, सगळी गडबड तिथे आहे. म्हणून खाली एकेक सवय क्रमाने घेतली आहे. सगळं एकदम करायला जाऊ नका. एका महिन्यात एक सवय बदलली तरी पुष्कळ.

आधी आरसा खिडकीशी न्या

ट्यूबलाइटखाली केलेला मेकअप ट्यूबलाइटपुरताच. सकाळी खिडकीकडे तोंड करून, धुतलेल्या चेहऱ्याने, काहीही न लावता पाच मिनिटं नीट बघा. चाळिशीचा चष्मा लागला असेल तर पाचपट मोठं दाखवणारा छोटा आरसा घ्या, तीन-चारशे रुपयांत मिळतो. पण तो फक्त आयब्रो आणि पापणीच्या बारीक कामाला. शेवटची नजर नेहमी साध्या आरशात, हातभर अंतरावरून. पाचपट मोठ्या आरशात कुठलाही चेहरा चंद्रावरच्या खड्ड्यांसारखाच दिसतो आणि माणूस उगाच थर चढवत बसतो.

काय बघायचं? विशीत त्वचेचा वरचा थर साधारण चार आठवड्यांत नवा होतो. पन्नाशीला त्यालाच सहा किंवा जास्त आठवडे लागतात. मेलेल्या पेशी वर बसून राहतात, त्वचा निस्तेज दिसते. भारतात पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी जाते, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधीच. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं जवळजवळ ३० टक्के कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, कमी होतं, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतात. तेलग्रंथी मंदावतात. ओठ पातळ होतात, भुवया विरळ होतात, वरची पापणी डोळ्यावर उतरते. हनुवटीवर मात्र दोन-चार जाड केस उगवतात, कारण स्त्रीसंप्रेरकं घटली की पुरुषी संप्रेरकांचा जोर जाणवू लागतो.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. यूट्यूबवरचे 'पन्नाशीनंतरचा मेकअप' शिकवणारे बहुतेक परदेशी व्हिडिओ सुरकुत्यांशी लढतात. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त, त्यामुळे सुरकुत्या उशिरा येतात, पण डाग लवकर येतात. वांग, डोळ्यांखालचा काळेपणा, ओठांच्या कडेचा आणि हनुवटीजवळचा सावळा पट्टा, ही आपली खरी कटकट. तिथल्या बाईला सुरकुती झाकायची असते, आपल्याला रंग एकसारखा करायचा असतो. दोन्हीची कृती वेगळी.

आरशात बघताना काही खुणा दिसल्या तर मेकअप बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. भुवयांची बाहेरची टोकं अचानक विरळ झाली तर थायरॉइड तपासा. पापणीवर नाकाच्या बाजूला पिवळट चट्टे उठले तर कोलेस्टेरॉल. मान मखमलीसारखी जाड आणि काळी पडली असेल तर साखर. मानेचा तो काळेपणा "घासून काढ गं" म्हणणाऱ्या बायका मला महिन्यातून चार तरी भेटतात. तो घासून जात नाही, उलट चिडतो.

ड्रॉवर रिकामा करा

मस्कारा उघडल्यापासून तीन ते सहा महिने. पातळ फाउंडेशन वर्षभर. लिपस्टिक दीड-दोन वर्षं. डबीच्या मागे उघड्या झाकणाचं छोटं चित्र असतं, त्यात १२ किंवा २४ असा आकडा असतो, तेवढे महिने ती वस्तू उघडल्यावर चालते. भाचीने अमेरिकेहून आणलेली, 'चांगल्या प्रसंगाला' म्हणून सहा वर्षं जपलेली लिपस्टिक वास घेऊन बघा. मेणकट, खवट वास आला तर तो प्रसंग होऊन गेला असं समजा.

याच वेळी ज्या क्रीमवर उत्पादकाचा पत्ता नाही, घटकांची यादी नाही आणि 'सात दिवसांत गोरेपणा' लिहिलंय, ती फेकून द्या. अशा क्रीममध्ये पारा सापडतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनी पारा घालायला बंदी आहे, तरी माल येतोच. केरळमधल्या डॉक्टरांनी अशी क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा आजार झालेले रुग्ण नोंदवले, ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. दुसरा धोका मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टेरॉइडच्या ट्यूबचा. पहिले पंधरा दिवस चेहरा काचेसारखा होतो, शेजारीण विचारते काय लावतेस म्हणून. मग त्वचा पातळ होते, लाल होते, केस उगवतात, आणि ट्यूब थांबवली की आग होते. अशी ट्यूब वर्षानुवर्षं लावत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून उतरवा.

पहिली पायरी: ओलावा, आणि मग थांबणं

भेगाळलेल्या भिंतीवर आधी पाणी मारतात, मग गिलावा करतात. कोरड्या भिंतीवर गिलावा धरत नाही, पोपडे येतात. चेहऱ्याचंही तसंच.

१. अंगाच्या साबणाने चेहरा धुणं बंद. फेस कमी येणारा सौम्य फेसवॉश घ्या. बेसन-हळदीची सवय असेल तर आठवड्यातून एकदाच, आणि घासायचं नाही, ओल्या हाताने उतरवायचं.

२. टॉवेलने खरवडून पुसू नका. चेहरा दमट असतानाच मॉइश्चरायझर लावा. डब्यावर ग्लिसरिन, हायल्युरोनिक अॅसिड किंवा सिरामाइड यांपैकी एखादं नाव असलं की पुरे, किमतीकडे बघून घाबरू नका. मुंबई-कोकणात जेलसारखं हलकं चालतं. नागपूर-अकोल्याच्या डिसेंबरात किंवा एसीच्या ऑफिसात क्रीमच लागतं.

३. पाच मिनिटं थांबा. साडी नेसायची असेल तर आत्ता नेसा. ही पायरी सगळ्या जणी गाळतात आणि मग तक्रार करतात की बेस, म्हणजे फाउंडेशनचा थर, गोळा होतो.

४. सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर लांबलचक ओळ काढली की चेहरा आणि मानेपुरतं होतं. वाटाण्याएवढं लावून उपयोग नाही. वांग असेल तर आयर्न ऑक्साइड असलेलं, रंग असलेलं सनस्क्रीन मागा. वांग नुसत्या अतिनील किरणांनी नाही, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानेही गडद होतो, आणि तो उजेड हा रंगच अडवतो. चाळिशीनंतर अनेकींचं फाउंडेशनचं काम या एकाच ट्यूबवर भागतं. रोज शाळेत, बँकेत जाणाऱ्या बाईने पुढच्या दोन पायऱ्या सरळ सोडून दिल्या तरी चालेल.

लग्नाच्या आठवड्यात नवीन फेशियल, ब्लीच, रेटिनॉल काहीही सुरू करू नका. करायचंच असेल तर तीन आठवडे आधी. मुलाच्या लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लीच करून भाजलेला चेहरा घेऊन आलेली वरमाई मी पाहिली आहे. सीमांतपूजनाला बिचारी पदर गालावर ओढून बसली होती.

दुसरी पायरी: डाग तेवढा झाका

विशीत एकच बेस सगळ्या चेहऱ्याला फासला तरी खपतो. पुढे हा क्रम उलटा करा. आधी डागांवर काम, मग राहिलेल्या चेहऱ्यावर अगदी पातळ हात.

डोळ्यांखालचा काळेपणा आपल्याकडे तपकिरी-निळसर असतो. त्यावर थेट गोऱ्या रंगाचा कन्सीलर, म्हणजे डाग झाकायचं दाट क्रीम, लावला की राखाडी दिसतं, रात्रभर जागल्यासारखं. आधी नारिंगी किंवा पीच रंगाचा, काळेपणा मारणारा करेक्टर. गोऱ्या वर्णाला पीच, गव्हाळला फिकट नारिंगी, सावळ्याला गडद नारिंगी. अनामिकेने थोपटायचा, कारण त्या बोटाचा दाब सगळ्यात हलका असतो. त्यावर त्वचेच्याच रंगाचा कन्सीलर, तांदळाच्या दाण्याएवढा. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातल्या रेषांवर काहीच नाही. तिथे जे लावाल ते दोन तासांत रेषेत जाऊन बसतं आणि तिची जाहिरात करतं.

डोळ्यांखालची फुगीर पिशवी मात्र कन्सीलरने झाकली जात नाही. ती सावली आहे, रंग नाही. उजळ रंग लावला तर पिशवी आणखी पुढे येते. पिशवीच्या खालच्या खोबणीत बारीक रेघ लावून थोपटा, पिशवीवर नको.

तिसरी पायरी: बेस

रंग मनगटावर तपासायचा नाही, जबड्याच्या रेषेवर तपासायचा, आणि लावून दुकानाबाहेर उन्हात यायचं. दहा मिनिटं थांबा, काही फाउंडेशन हवा लागली की एक छटा गडद होतात. दुकानातली मुलगी एक छटा उजळ घ्या म्हणेल. घेऊ नका. लग्नाच्या अल्बममध्ये चेहरा चुन्याचा आणि मान, हात आपल्याच घरचे, हे चित्र त्या एका छटेने होतं. वय वाढलं की चेहऱ्यापेक्षा मानेचा रंग बरेचदा गडद होतो. तेव्हा दोघांच्या मधली छटा घ्या आणि उरलेला हात मानेवर उतरवा.

स्पंज पाण्यात भिजवून घट्ट पिळा. एका चेहऱ्याला दोन थेंब पुरतात. चेहऱ्याच्या मधून बाहेरच्या बाजूला थोपटत जा, कानाजवळ पोचेपर्यंत स्पंजवर जवळजवळ काही उरू नये. जुना पॅनकेक ओल्या स्पंजाने लावणाऱ्या पिढीला माझी हात जोडून विनंती: तो नाटकातल्या प्रखर दिव्यांसाठी होता. बाल्कनीतून बघणाऱ्या प्रेक्षकासाठी घडवलेली वस्तू समोर बसलेल्या विहिणीसाठी कशी चालेल?

पावडर कुठे, किती

नाकाच्या बाजू, कपाळाचा मधला भाग, हनुवटी. संपलं. मऊ ब्रशने, दाबून. गालावर नाही, डोळ्यांखाली नाही. कोरड्या त्वचेवर पावडर बसली की बारीक लव आणि प्रत्येक रेष उठून दिसते. फोटो असतील तर पांढरी, 'रंगहीन' म्हणून विकली जाणारी सिलिकाची पावडर टाळा, फ्लॅशमध्ये ती पिठासारखी चमकते. घरीच मोबाइलचा फ्लॅश लावून एक फोटो काढून बघा.

पण मे महिन्यातला बाराचा मुहूर्त, पत्र्याचा मांडव आणि त्यात पाळी जाण्याच्या वयातला तो एकदम फुटणारा घाम! मानेपासून आग चढते, दोन मिनिटांत चेहरा डबडबतो, मग थंडी वाजते. त्यावर पावडरचा थर म्हणजे चिखल. अशा वेळी टिश्यू पेपर दाबून फक्त ओल टिपायची, पुसायचं नाही, आणि ओल टिपल्याशिवाय पावडरला हात लावायचा नाही. वरमाईच्या पर्समध्ये मी चार टिश्यू, एक लिपस्टिक आणि छोटा हातपंखा ठेवायला लावते. तिला त्या दिवशी दुसऱ्या कशाची आठवण राहत नाही.

गालाला लाली असावीच. पन्नाशीनंतर चेहऱ्यावरचा नैसर्गिक लालसरपणा कमी होतो, आणि बायका नेमकी लालीच सोडून देतात. क्रीमची घ्या. हसून गालाच्या गोट्यावर लावायची जुनी पद्धत सोडा, हसू ओसरलं की ती लाली खाली घसरते. चेहरा सरळ ठेवून, डोळ्याच्या मध्यापासून कानाच्या वरच्या टोकाकडे, गालाच्या हाडावर लावा. वीट, डाळिंब, जांभूळ या रंगांच्या आसपासच्या छटा आपल्या वर्णाला शोभतात. बाहुलीसारखा फिकट गुलाबी सावळ्या त्वचेवर राखेसारखा दिसतो.

भुवया, आणि थ्रेडिंगचा जुना हिशेब

नव्वदच्या दशकात आम्ही पार्लरवाल्यांनी बायकांच्या भुवया दोऱ्यासारख्या बारीक केल्या. फॅशनच होती. वर्षानुवर्षं ओढलेले ते केस आता सगळ्यांचे परत येत नाहीत. त्या पापात माझाही वाटा आहे. म्हणून सांगते, पंचेचाळिशीनंतर थ्रेडिंगला गेलात की "शेप नको, खालचे चुकार केस तेवढे काढ" असंच म्हणा. वरची रेघ कोरू देऊ नका.

भरायला पेन्सिल काळी नको, गडद तपकिरी किंवा करडी. केसांना लावता त्या रंगाहून एक छटा फिकी. एकच सलग रेघ ओढायची नाही, केसाएवढे छोटे फटकारे द्यायचे आणि शेवटी ब्रशने विंचरायचं. बाहेरचं टोक खाली पडू द्यायचं नाही, ते खाली गेलं की चेहरा रडवेला दिसतो. आणि डोक्याचा हेअर डाय भुवईला लावू नका, कितीही घाई असली तरी. तो डोळ्यात गेला तर इजा होते.

डायचा विषय निघालाच आहे तर: बहुतेक काळ्या डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुडीतसुद्धा. शुद्ध मेंदी केशरी-लालच रंगते, काळी कधीच नाही. वीस वर्षं सोसलेला डायही एक दिवस अचानक सोसेनासा होतो. म्हणून कानामागे थोडा लावून ४८ तास थांबायचं, दर वेळी. कपाळाची कड, कानाजवळचा भाग हळूहळू काळा पडत चालला असेल तर त्याचा संशय आधी डायवर घ्या, उन्हावर नंतर.

डोळे: काजळ वर न्या

सगळ्यात अवघड सवय ही. मराठी बाईला काजळाशिवाय "आजारी आहेस का?" असं विचारतात. पण खालच्या पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर काजळ भरलं की तिथल्या बारीक तेलग्रंथींची तोंडं बुजतात. हे तेल अश्रूंना वाळू देत नाही. पाळी गेल्यावर डोळे तसेही कोरडे पडतात, त्यात ही भर. दुपारी डोळे चुरचुरणं, टोचणं, उगाच पाणी येणं, यामागे कित्येकदा काजळ असतं. शिवाय ते खाली पसरून काळेपणा दुप्पट दाखवतं. घरी तुपाच्या दिव्यावर धरलेलं असो की ब्रँडेड, हा हिशेब बदलत नाही. सुरमा तर नकोच, त्यात शिसं असू शकतं.

पेन्सिल वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी, केसांच्या मधे-मधे टेकवत न्या. खाली हवंच असेल तर बाहेरच्या एक-तृतीयांश भागात, केसांच्या बाहेरून, तपकिरी रंगाने हलकं.

पापणी उतरली असेल तर डोळा मिटून काढलेलं सुंदर लायनर डोळा उघडला की घडीत गायब होतं. डोळा उघडा ठेवून, सरळ आरशात बघत, कुठपर्यंत दिसतंय तिथे ठिपका द्या, मग मिटून जोडा. हाताला कंप असेल तर कोपर टेबलावर टेकवा, करंगळी गालावर. कापडासारखी सैल झालेली पापणी ओढून धरू नका, सोडली की रेघ वाकडी होते. चकाकती आयशॅडो घडीत साचते, तेव्हा मॅट तपकिरी किंवा मातकट रंग घ्या. चमक हवी असेल तर पापणीच्या मध्यावर बोटाने टिकलीएवढी. मायनस नंबरच्या चष्म्यातून डोळे लहान दिसतात, त्यांनी रेघ थोडी ठळक ठेवावी. वाचायच्या प्लस नंबरमधून डोळ्यांसकट चुकाही मोठ्या दिसतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण महिनाभर, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत, काजळ-मस्कारा काहीही नाही. सुरू कराल तेव्हा नवीन पेन्सिल, जुनी नाही. नातवाच्या बारशाला "एवढंसं लावलं तर काय होतंय" म्हणणारी मावशी असते, तिचं ऐकायचं नाही.

ओठ

थोडक्यात सांगते. आधी व्हॅसलीन, दहा मिनिटांनी टिपून टाकायचं. लिपस्टिकच्याच रंगाच्या पेन्सिलने कड काढायची, ओठांच्या वरच्या उभ्या रेषांतून रंग वर चढतो तो त्याने थांबतो. अगदी कोरडी, चोवीस तास टिकणारी मॅट लिपस्टिक ओठांची साल दाखवते, सॅटिन घ्या. आणि कृपा करून वयाला शोभावी म्हणून ती मातकट, मेलेली छटा घेऊ नका. ओठांचा स्वतःचा रंग फिका झालेला असतो, तिथे डाळिंबी, मरून, कुंकवाचा लाल हेच रंग चेहऱ्याला जिवंत करतात. ज्या दिवशी काहीच करायला वेळ नसेल, त्या दिवशी हे एक करा.

कपाळ

परदेशी मार्गदर्शकांत हे प्रकरणच नसतं, आणि आपल्याकडे खरं दुखणं इथेच असतं.

आजी कपाळावर आधी मेण लावून त्यावर पिंजर टेकवायची. मेणाच्या पातळ थरामुळे पिंजर टिकायची आणि त्वचेशी तिचा थेट संबंधही कमी यायचा. हळदीवर चुन्याचा संस्कार करून केलेलं कुंकू तेव्हा सहज मिळायचं. आता बहुतेक पुड्यांत कृत्रिम रंग असतात, त्यांनी खाज येते, कपाळ काळवंडतं. मग चिकटवायची टिकली आली. ती सोयीची, पण तिच्या डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल हे रसायन असू शकतं आणि ते त्वचेतल्या रंग बनवणाऱ्या पेशी मारतं. रोज तीस वर्षं एकाच जागी टिकली लावणाऱ्या बाईच्या कपाळावर पन्नाशीच्या सुमाराला बरोब्बर टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग दिसतो, तो यामुळे. बायका घाबरतात, कोड आलं म्हणून लपवतात, आणि लपवायला आणखी मोठी टिकली लावतात. आग विझवायला रॉकेल.

डाग दिसला की त्याच दिवशी टिकली बंद आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे. लवकर थांबवलं तर पुष्कळदा रंग परततो. डाग नसला तरी सवय बदला: रात्री टिकली काढून कपाळ धुवायचं, मॉइश्चरायझर लावायचं, आठवड्यातून दोन दिवस कपाळ मोकळं. टिकली हवीच असेल तर सनस्क्रीन पूर्ण मुरल्यावर, जागा बोटभर वर-खाली करत. लिपस्टिकच्या पेन्सिलने गोल गंध काढता येतो, तो सगळ्यात सुरक्षित; चंद्रकोर काढायची असेल तर बारीक ब्रश आणि दोन मिनिटं जास्त. भांगातला सिंदूर घेताना शिशाचं बघा, स्वस्त भगव्या सिंदुरात ते सापडलं आहे.

आणि ज्यांचं कपाळ एका दिवशी दुसऱ्यांनीच पुसलं, त्यांच्याविषयी. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींचा मेकअप वयाने थांबलेला नसतो. नवरा गेला त्या दिवशी थांबलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला परिपत्रक काढून सांगितलं. ठराव झाला तरी हात लगेच धजत नाही. मुलीच्या लग्नात अशी आई कोपऱ्यात उभी राहते आणि "मला नको, बरं दिसत नाही" म्हणते. अशा वेळी मी तिला विचारत नाही काय लावू, विचारते साडी कोणती आहे. मग ओठांना हलका रंग, गालाला थोडी लाली, भुवया नीट. टिकलीची पट्टी मी तिच्या हातात देते आणि दुसरीकडे बघते. ती लावते की नाही, तो तिचा प्रश्न. लावली तर मोठी चुलती काहीतरी बोलतेच. तेव्हा मुलींनी पुढे व्हायचं, आईला उत्तर द्यायला लावायचं नाही.

उतरवताना

रात्री कितीही दमला असाल तरी. खोबरेल तेल दोन्ही तळहातांवर घेऊन कोरड्या चेहऱ्यावरच फिरवा, अर्ध्या मिनिटात सगळं सुटतं. मुरुमं येत असतील तर खोबरेल नको, मिसेलर वॉटर, म्हणजे मेकअप उतरवायचं पाण्यासारखं क्लेन्झर, घ्या. डोळ्यांवर भिजवलेला कापूस वीस सेकंद नुसता ठेवा, मग वरून खाली एकदाच. चोळाल तर पापण्यांचे केस गळतील, आधीच ते मोजके उरलेत. नंतर सौम्य फेसवॉश, दमट चेहऱ्यावर क्रीम, मानेलाही. हनुवटीवरचे जाड केस असल्या थकलेल्या रात्री चिमट्याने ओढत बसू नका, जागा लाल होते आणि नंतर काळी पडते. सकाळी छोट्या फेस रेझरने काढले तरी चालतात, त्याने केस जाड होतात ही समजूत खोटी आहे.

आणि न्हाणीघराच्या आरशावर रांगेने चिकटवलेल्या त्या कालच्या-परवाच्या टिकल्या. वाफ, धूळ आणि साबणाचे शिंतोडे खाल्लेला तो डिंक परत कपाळाला लावायचा नाही. खरवडून काढून टाका.